हिरवा झालेला निळा ड्रमसेट

पत्र : ‘माझे सासरे सत्तरच्या दशकात मुंबईच्या ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवायचे. 1974 साली त्यांनी एका हॉटेलच्या बँडमधल्या गोव्याच्या ड्रमरकडून हा सेट जुनाच विकत घेतला. दीड वर्षापूर्वी ते गेले. सेट वीस वर्षं माळ्यावर पडून आहे. पायाने वाजवायचा मोठा ड्रम आणि दोन लहान ड्रम प्रीमियरचे आहेत. रंग चकाकणारा हिरवट, पण सासूबाई ठामपणे सांगतात की तो निळा होता. एक धातूचा ड्रम मात्र वेगळाच आहे, त्यावर लुडविगचा निळसर बिल्ला आणि सहा आकडी नंबर आहे. शिवाय तीन झांजा, त्यातल्या एकीवर अरबीसारखं काहीतरी ठसवलंय. ओळखीतल्या एका दुरुस्तीवाल्याने सगळ्याचे मिळून 8,000 रुपये सांगितले. धाकटे भावोजी म्हणतात, बीटल्सच्या ड्रमरचा लुडविग सेट करोडोंना गेला, आपण पाच लाखांच्या खाली उतरायचं नाही. दिवाळीआधी घर बदलतोय. विकण्याआधी सगळं घासूनपुसून लख्ख करून घेऊ का?’
– एक वाचक, डोंबिवली

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण घरात कोणीतरी एव्हाना पितांबरीचा डबा काढलाही असेल. नका. तो डबा देवघरातल्या समईसाठी ठेवा. कोरड्या सुती फडक्याने धूळ झटका, कोळिष्टकं काढा, तेवढंच पुरे. हे पुस्तकी ज्ञान नाही. विशीत असताना मी एका जुन्या झांजेला चिंच-मीठ लावून दोन तास घासली होती. चमकली अगदी लोट्यासारखी. पण तिच्यावरची शाईची अक्षरं गेली, वर्षानुवर्षांचा तपकिरी थर गेला आणि तो बघून घेणारं गिऱ्हाईकही गेलं. जुन्या वाद्याचं गिऱ्हाईक मळाला घाबरत नाही. फार चकाकणारी वस्तू दिसली की तो विचारतो, ‘हिला काय केलंय?’

आता भावोजींचं. त्यांचं खोटं नाही. रिंगो स्टारचा लुडविग सेट डिसेंबर 2015 मध्ये अमेरिकेतल्या लिलावात वीस लाखांहून जास्त डॉलरना गेला. पण ती किंमत रिंगोची होती, ड्रमची नव्हे. तसल्याच मापाचा, त्याच रंगाचा, त्याच काळातला पण कुणा अनामिक माणसाचा सेट त्याच्या शंभराव्या हिश्शालाही जात नाही. दुसरीकडे 8,000 सांगणारे गृहस्थ तुमच्याकडे काय आहे ते एक तर ओळखत नाहीत, किंवा फार चांगलं ओळखतात.

तुम्ही सगळे याला ‘सेट’ म्हणताय, घोटाळा तिथेच आहे. दुकानात नवा घेताना सेट असतो. चाळीस-पन्नास वर्षं सुपाऱ्या वाजवून माळ्यावर गेलेला असतो तो संसार. लग्नात आलेलं, उसनं आणून परत न दिलेलं, मोडलं म्हणून बदललेलं, असं सगळं त्यात असतं. तुमच्या पत्रातच निदान तीन घराणी दिसतात. प्रत्येकाची ओळख वेगळी, बाजार वेगळा, भाव वेगळा. सरसकट आकडा सांगणाऱ्याला, मग तो आठ हजार असो नाहीतर पाच लाख, आधी चहा पाजून वाटेला लावा.

सुरुवात धातूच्या ड्रमपासून करू, कारण माझ्या अंदाजाने पैसे तिथे आहेत. यालाच स्नेअर म्हणतात, आपल्याकडचे जुने वादक साइड ड्रम म्हणायचे. खालच्या पानाला, म्हणजे ताणून बसवलेल्या पडद्याला, तारांचा पट्टा टेकलेला असतो, त्यानेच तो ‘चर्र’ आवाज येतो. फ्रिजवरचं एक लोहचुंबक घ्या आणि ड्रमच्या अंगाला लावा. कडेच्या रिंगणाला नको, ते बहुधा लोखंडीच असतं आणि चुंबक तिथे चिकटेल. अंगाला चिकटलं, तर ड्रम पोलादी आहे आणि लुडविगचा बिल्ला कुणीतरी नंतर बसवलेला असण्याची शक्यता आहे. नाही चिकटलं, तर पुढे वाचा.

लुडविगचा सगळ्यात प्रसिद्ध धातूचा स्नेअर म्हणजे सुप्राफोनिक. 14 इंच व्यास, 5 किंवा साडेसहा इंच उंची, अंगाच्या मधोमध उठावाची एक गोल रेघ, आणि ताणाचे स्क्रू ज्यात बसतात ते लग दहा. साठच्या दशकाच्या अगदी सुरुवातीचे काही पितळेचे होते. त्यानंतरचे अॅल्युमिनियमचे, वर क्रोमचा मुलामा. ड्रम हातात घेतल्यावर दिसतो त्यापेक्षा हलका वाटला तर अॅल्युमिनियम. अॅल्युमिनियमवर क्रोम नीट धरत नाही, म्हणून या ड्रमना एक ठरलेला रोग होतो. मुलाम्याखाली बारीक पांढुरके फोड येतात, मग पापुद्रे सुटतात. मुंबईच्या खाऱ्या हवेत तर व्हायलाच हवा. तुमच्या ड्रमवर असे फोड असतील तर वाईट वाटून घेऊ नका, मी ते खरेपणाची खूण समजतो. किंमत थोडी उतरते, आवाजात काही फरक पडत नाही. फक्त ते नखाने खरवडू नका.

बिल्ल्याकडे या. साठच्या दशकातला लुडविगचा बिल्ला पितळी रंगाचा, कमानीच्या मधल्या दगडाच्या आकाराचा असे. त्यावर नंबर घालायला सुरुवात झाली 1963 च्या शेवटी. दशक संपता संपता निळ्या आणि ऑलिव्ह रंगाचा नवा बिल्ला आला. तुमचा ‘निळसर’ म्हणजे हाच असावा. त्याचे कोपरे बघा. टोकदार असतील तर ड्रम साधारण सत्तरच्या दशकातला, गोलसर असतील तर त्या दशकाच्या अखेरीचा किंवा नंतरचा. गोल निघाले तर मात्र सासूबाईंना पुन्हा विचारावं लागेल, कारण 1974 साली विकत घेतलेल्या सेटमध्ये तो असू शकत नाही. मग तो मागाहून कधीतरी आलाय. आणि बिल्ल्यावर शिकागोचं नाव हवं. कंपनी 1981 मध्ये विकली गेली आणि पुढे कारखाना नॉर्थ कॅरोलायनातल्या मन्रो गावी हलला. तिथला माल वाईट नाही, पण संग्राहकांचा जीव शिकागोवर.

नंबरावरून नेमकं साल काढून देतो म्हणणारे तक्ते इंटरनेटवर ढिगाने सापडतील. त्यांच्यावर फार विसंबू नका. कारखान्यात बिल्ले पेटीतून हाताला येतील तसे बसवले जायचे, त्यामुळे मोठा नंबर आधीच्या ड्रमवर आणि लहान नंबर नंतरच्यावर असं सर्रास आढळतं. दोन-तीन वर्षांचा अंदाज मिळतो, त्यापलीकडे नाही.

हे सगळं जुळलं, तर तुमच्याकडे सत्तरच्या दशकातला सुप्राफोनिक आहे. हा काही दुर्मीळ ड्रम नाही, जगात सगळ्यात जास्त ध्वनिमुद्रणं ज्यावर झाली असं म्हणतात त्यातला हा एक आहे. पण दुर्मीळ नसला तरी मागणी कधी आटत नाही. परदेशात बऱ्या अवस्थेतला साधारण तीनशे ते पाचशे डॉलरच्या दरम्यान जातो. म्हणजे फोड-बीड धरूनही, त्या गृहस्थांनी अख्ख्या माळ्याचे जे सांगितले त्याच्या दुप्पट-तिप्पट तरी हा एकटा ड्रम आणतो.

आता निळ्या-हिरव्याचं भांडण. सासूबाईंवर विश्वास ठेवा. ड्रमच्या लाकडावर जो चमचमता पत्रा गुंडाळलेला असतो तो प्लास्टिकचा. चमकीच्या वर एक पारदर्शक थर असतो आणि तो उजेडाने, वयाने पिवळा पडत जातो. निळ्यावर पिवळा चढला की डोळ्याला हिरवा दिसतो. खात्री करायची असेल तर लहान ड्रमपैकी एकाचं वरचं पान उतरवा, आतून एका लगचे स्क्रू सोडवा आणि लग अलगद बाजूला करा. त्याच्याखाली उजेड कधी पोचलेलाच नसतो. तिथे दोन बोटांएवढ्या जागेत तुम्हाला 1974 सालचा निळा रंग दिसेल. सासूबाईंना हाक मारून दाखवा.

हे कौतुकापुरतं सांगत नाही. लगखालचा रंग आणि बाहेरचा रंग यांत असा फरक दिसला, तर पत्रा मूळचा आहे, नंतर कुणी बदललेला नाही, याचा तो उत्तम पुरावा. घेणारा हेच विचारणार. त्या जागेचा फोटो काढा, लग परत बसवा, स्क्रू फार आवळू नका.

प्रीमियर ही इंग्लंडची कंपनी. 1922 मध्ये लंडनमध्ये सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब पडून कारखाना गेला, तेव्हा लेस्टरजवळच्या विग्स्टनला हलली. सैन्याच्या आणि पाइप बँडच्या ड्रमसाठी तिचं मोठं नाव. आपल्याकडे आयातीवर निर्बंध असताना परदेशी वाद्य मिळणं म्हणजे कुणीतरी बोटीवर नोकरीला, कुणीतरी हॉटेलच्या बँडमध्ये, अशाच वाटेने. तुमच्या सासऱ्यांनी गोव्याच्या ड्रमरकडून घेतला यात मला तरी नवल वाटत नाही. प्रीमियरचं क्रोम मात्र भलतंच टिकाऊ असतं. त्याच माळ्यावर शेजारी-शेजारी ठेवलेल्या लुडविगला फोड आलेले आणि प्रीमियरचे लग अजून आरशासारखे, असं दिसलं तर गोंधळू नका.

एक तिढा मात्र आहे. साठच्या दशकाच्या शेवटापर्यंत प्रीमियरच्या लहान ड्रमचं माप आजच्या मापापेक्षा किंचित मोठं असे. बाहेरून 12 इंची दिसतो, पण आजचं 12 इंची पान त्यावर बसत नाही किंवा अडकून बसतं. बाजारात याला आंतरराष्ट्रीय मापाच्या आधीचा माल म्हणतात. असा निघाला तर पानं शोधत बसावं लागतं म्हणून भाव पडतो, आणि हे आधी सांगितलं नाही तर घेणारा आठ दिवसांनी भांडायला येतो. ओळखीतल्या एखाद्या ड्रमरला एक साधं नवं पान घेऊन बोलवा, पाच मिनिटांत कळेल.

बाकी लाकडी ड्रमचं पाहायचं ते असं. टेपने व्यास दोन आडव्या-उभ्या दिशांनी मोजा, दोन-तीन मिलिमीटरहून जास्त फरक असेल तर ड्रम लंबगोल झालाय. आत टॉर्च मारा. थर सुटलेत का, पाण्याचे डाग आहेत का, टाचणीएवढी भोकं आणि खाली पिठासारखा भुगा आहे का. भुगा असेल तर किडा लागलाय, तो ड्रम लगेच बाकीच्यांपासून वेगळा काढा. आणि भोकं मोजा. हवेसाठी ठेवलेलं एखादं भोक सोडलं, तर कारखान्याने पाडलेलं प्रत्येक भोक कशाने तरी भरलेलं असतं. दुसरं रिकामं भोक म्हणजे बहुधा आपल्याकडच्या कुणा मिस्त्रीने स्टँड बसवायला ड्रिल चालवलंय. ऑर्केस्ट्रावाल्यांना कार्यक्रम महत्त्वाचा, उद्याच्या संग्राहकाचा विचार कोण करतो? त्यांचं बरोबरच होतं. पण असं एकेक भोक किंमत खाली ओढतं. लपवू नका, फोटो काढा. मोठ्या ड्रममध्ये जुनी उशी किंवा गोधडी कोंबलेली सापडेल, ती आवाज दाबण्यासाठी असते. काढा, पण ड्रम उन्हात वाळवायला ठेवू नका, पत्रा आकसून सांध्यात उघडतो. पंख्याखाली दोन दिवस पुरेत.

हे तीन ड्रम एकत्रच विका. एकाच रंगात एकत्र म्हातारे झालेत. तोडून विकले तर शेवटी एक तुमच्याच घरात स्टूल म्हणून उरेल. भावाबद्दल स्पष्ट सांगतो. प्रीमियरला इंग्लंडात चाहते आहेत, पण अमेरिकन ड्रमचा भाव त्याला नाही, आणि आपल्याकडे जुन्या ड्रमचा बाजार अगदी पातळ. घेणारे म्हणजे स्टुडिओवाले, काही हौशी वादक, एखादा संग्राहक. इथे तुम्हाला गिऱ्हाइकाची वाट बघत थांबावं लागेल.

परदेशी का नको, तर भाड्यामुळे. कुरिअरवाले नुसतं वजन बघत नाहीत, खोकंही बघतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि 5,000 ने भागायचं, येईल तो आकडा खऱ्या वजनाहून जास्त असेल तर तेवढे किलो धरतात. 22 इंची मोठ्या ड्रमचं खोकं 65 बाय 65 बाय 50 झालं तर ते बेचाळीस किलो धरलं जाईल, आत हवाच असली तरी. स्नेअरचं 42 बाय 42 बाय 22 चं खोकं आठ किलोंच्या आत बसतं. म्हणून स्नेअर आणि झांजा कुठेही जाऊ शकतात. मोठं बिऱ्हाड इथल्या इथे.

झांजा. ‘अरबीसारखं’ वाचून माझे कान टवकारले. झांजा बनवणारं झिल्जियन घराणं मूळचं इस्तंबूलचं, आणि झांजेवरच्या ठशात जुन्या तुर्की लिपीतली अक्षरं असतात. त्याच्या खालची इंग्रजी अक्षरं वाचा. एव्हेडिस झिल्जियन आणि मेड इन यूएसए असेल तर ती अमेरिकेत बनलेली. चांगली झांज, चांगला भाव. पण के झिल्जियन आणि इस्तंबूल अशी अक्षरं दिसली, तर ती झांज गादीखाली ठेवा आणि मला पुन्हा लिहा. जॅझवाले तिच्यासाठी वेडे असतात आणि तिचा भाव बाकीच्या सगळ्या माळ्याहून जास्त निघू शकतो. ठसा घासून पुसट झाला असेल तर मोबाइलचा टॉर्च आडवा धरून पाहा, सावलीत अक्षरं उठून दिसतात.

उरलेल्या दोनांवर झिन किंवा सुपर झिन असं असेल तर त्या प्रीमियरच्याच. तिन्ही झांजा स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून ग्रॅममध्ये वजन लिहून घ्या. घेणारा व्यास आणि वजन यावरूनच आवाजाचा अंदाज बांधतो. मग कडेवरून सावकाश नख फिरवा. कुठे अडखळलं तर तडा. मधल्या भोकाभोवतीही बघा, तिथले तडे घाणीत लपतात. तडा गेलेली झांज, कितीही मोठ्या नावाची असली तरी, जवळजवळ शोभेचीच.

स्टँड आणि पेडल यांवर वेळ घालवू नका, फक्त पायाच्या पेडलवर नाव आहे का बघा. लुडविगचं स्पीड किंग असेल तर वेगळं ठेवा. त्याच्या स्प्रिंगा बाहेर लोंबत नाहीत, दोन्ही खांबांच्या पोटात असतात. तेल पाजलं नसेल तर किरकिरतं, आणि त्या किरकिरीसकट लोक ते आवडीने घेतात.

भाव काढताना एक चूक हमखास होते, आणि भावोजींचे पाच लाख मला तिथलेच वाटतात. विक्रीला लावलेली किंमत ही लावणाऱ्याची आशा असते. तुम्हाला बघायच्यात विकून झालेल्या वस्तूंच्या किमती. मोठ्या परदेशी विक्रीस्थळांवर ‘सोल्ड’ अशी वेगळी छाननी करता येते. प्रत्येक वस्तूच्या अशा पाच-सहा विक्री काढा, सगळ्यात वरची आणि सगळ्यात खालची सोडा, उरलेल्यांच्या मधे तुमचा आकडा. एकरकमी, दारात येऊन घेऊन जाणाऱ्या व्यापाऱ्याला द्यायचं असेल तर त्याच्या निम्म्याच्या आसपास मिळेल, त्यालाही दुकान चालवायचं आहे. हा सगळा हिशेब कागदावर मांडा आणि विकण्याआधीच भावोजींना दाखवा. नंतर दाखवलेला हिशेब कुणाला पटत नाही.

सासऱ्यांचे वाजवतानाचे फोटो असतील, ऑर्केस्ट्राची जाहिरात असेल, 1974 ची पावती किंवा वहीतली नोंद असेल, तर ती जोडा. नुसतं ‘ते अमक्या सिनेमाच्या गाण्यात वाजवायचे’ म्हणून किंमत वाढत नाही. त्या काळी तबकडीवर संगीतकाराचं, गायकाचं नाव यायचं, वादकांचं नाही. कावस लॉर्ड, केरसी लॉर्ड यांच्यासारख्या हिंदी सिनेमातल्या बड्या वादकांची नावंसुद्धा जाणकारांनी पुढे शोधून, विचारून नोंदवली. फोटोत हा निळा सेट आणि त्यामागे सासरे एकत्र दिसत असतील, तर तो एक फोटो दहा आठवणींना भारी. अर्थात फोटो कृष्णधवल असेल तर निळ्या-हिरव्याचा निकाल लगखालीच लागणार. मूळ प्रत देऊ नका, छायाप्रत द्या.

दिवाळीची घाई मात्र सोडा. घर बदलताना सामान हलवायचं आहे, विकायचं नाही. मोठे ड्रम चादरीत गुंडाळून उभेच न्या, एकात एक घालू नका. स्नेअर आणि झांजा टेम्पोत न टाकता तुमच्या मांडीवर. नव्या घरात पोचलात की मला चार फोटो पाठवा : बिल्ल्याचे कोपरे, चुंबक लावलेलं अंग, त्या झांजेचा ठसा, आणि लगखालचा निळा.